रोपाबरोबर दिलेली माती

दुपारी माना टाकायची,
सांज झाली की पुन्हा उभी राहायची.
तीन आठवडे आगशीतली माझी वांगी हे सोंग करत होती
आणि मी पाणी घालत होते.
जाऊ म्हणाली दिष्ट. मिरच्या ओवाळल्या.
नवरा म्हणाला युरिया. तोही टाकला.

मग खात्यातली वेळीप आडनावाची पोरगी आली.
चप्पल बांधावर काढून आत उतरली,
एक झाड खुरप्यानं सैल करून अलगद उपटलं,
बादलीत मूळ धुतलं, तान्ह्याचं डोकं धुवावं तसं.
आल्याच्या कुड्यासारखं सुजलेलं.
गाठीला लागून गाठ.

मी म्हटलं, गाठी अळसांद्यालाही असतात की.
म्हणाली, त्या नखानं सुटतात. फोडा, आत गुलाबी.
ही सोडवून बघा.
सुटेना.
गाठ वेगळी नव्हतीच,
मूळच गाठ होऊन बसलं होतं.

सूत्रकृमी.
विजेच्या बिलाच्या पाठीवर तिनं लिहून दिलं.
डोळ्याला दिसत नाही. मादी मुळात एकदा शिरली
की तिथंच फुगते, शेकड्यांनी अंडी घालते.
ती पुढे बरंच सांगत होती,
मी मात्र त्या शब्दातल्या सूत्रापाशी अडले.

सूत्र म्हणजे धागा.
आणि धागा कुठून कुठे गेला
ते एकट्या मला ठाऊक होतं.
दिवाळीनंतर नऊ घरी रोपं दिली होती मी,
एकेक मूठभर मातीसकट, केळीच्या सोपात गुंडाळून.
नुसत्या मुळांनी रोप देणं म्हणजे
पोरीला अनवाणी सासरी धाडणं, आई म्हणायची.

बियांतून हे जात नाही, वेळीपबाई म्हणाली.
मातीतून जातं. कुदळीतून, चपलेतून, पाटाच्या पाण्यातून.
मायेतून जातं असं ती म्हणाली नाही.

रविवारी निघाले. नऊ दारं.
कुष्टानं माझ्यासमोरच उपटून पाहिलं,
आणि चवथीपर्यंत बोलला नाही.
क्लॉदीन मुळं बोटांत धरून म्हणाली,
तेर्साच्या मण्यांसारखी आहेत गं, मोजू का?
शांतेलीच्या घरी कुत्रा सोडलेला होता.
पियेदादनं झाडाला हातच लावू दिला नाही.
फळ धरलंय. खाऊन संपलं की बघू.

एप्रिलात जमीन नांगरली, भिजवली,
वर पातळ प्लास्टिक अंथरून कडा पुरल्या.
सहा आठवडे आमच्या दारात खोटं तळं चकाकत होतं.
एक बगळा उतरलासुद्धा,
दोन पावलं टाकली, चटका बसला, उडाला.
पावसात झेंडू लावला, दाट.
फुलांसाठी नाही हो, मुळांसाठी, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं
आणि दसऱ्याला फुलं पणजीच्या मार्केटात नेऊन विकलीच.
मग कडुनिंबाची पेंड. आठ दिवस घरात जेवण कडू लागायचं.

गेले का सगळे? मी विचारलं.
जात नाहीत, ती म्हणाली. कमी होतात.
कमी ठेवत राहायचं.

यंदा रोपं ट्रेमध्ये केली, काथ्याच्या भुशात.
परवा पियेदाद आली. चार दे, म्हणाली.
तिच्या डोळ्यांदेखत मुळं बादलीत बुडवली, हलवली,
वर काढली: पांढरी, शेवयांसारखी, एकही गाठ नाही.
अशी नागडी देतेस?
नागडीच.
ती हसली. फ्रॉकच्या घोळात घेतली.

मग पिशवीतून काढून तिनं माझ्या हातावर ठेवलं
अबोलीचं एक रोप, तिच्या परसातलं,
मुळाशी मूठभर माती,
दोन्ही हातांनी नीट थापलेली.

ते घेऊन मी उंबऱ्यात उभी.
बादली पायाशीच होती.